सीएनसी लेथसाठी कॅम सॉफ्टवेअर: डेमोला बसण्याआधी

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. शिरवळहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. एमआयडीसीत दोघा भावांचं छोटं वर्कशॉप. दोन सीएनसी लेथ, दोन्ही टू-अ‍ॅक्सिस, फानुक कंट्रोल. प्रोग्रॅम थोरला भाऊ हातानेच लिहितो. आता एक विक्रेता कॅम सॉफ्टवेअर घ्या म्हणून मागे लागलाय. घेऊ का, आणि घेतलं तर कुठलं? मशीनचे हप्ते अजून चालू आहेत, हेही त्याने सांगितलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे "घेऊन टाका" म्हणणं मला सोपं आहे. पण आधी एक काम करा. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या जॉबची सगळी ड्रॉइंग टेबलावर पसरा. त्यात पिन, बुश, स्टेप शाफ्ट, साधं थ्रेडिंग एवढंच असेल, तर कॅमची गरज नाही. फानुकची जी७१ सायकल यासाठीच आहे. फिनिश आकार एकदाच लिहायचा, एका कटला किती मटेरियल काढायचं आणि फिनिशसाठी किती ठेवायचं ते सांगायचं. रफिंगचे कट कंट्रोल स्वतः पाडतो. मग जी७० ने फिनिश, जी७६ ने थ्रेड. प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींत बसतो आणि दादा तो मशीनवर उभ्या उभ्या बदलू शकतो.

आणखी एक बघून ठेवा. तुमच्या कंट्रोलवर मॅन्युअल गाइड आय चालू आहे का? सीमेन्स असेल तर शॉपटर्न? त्यात ड्रॉइंगमधली मापं भरली की प्रोग्रॅम तयार होतो. कधी कधी मशीन घेतानाच त्याचे पैसे मोजलेले असतात आणि वर्षानुवर्षं कुणी ते बटण दाबलेलं नसतं.

मग कॅम कधी? जॉबमध्ये टेपरला रेडियस, रेडियसला दुसरा रेडियस असं सलग येत असेल आणि स्पर्शबिंदू काढण्यात अर्धा दिवस जात असेल तेव्हा. (तरी नुसते बिंदूच हवे असतील तर साधं टू-डी कॅडही पुरतं. हे विक्रेता सांगणार नाही.) मधेच खोलगट आकार असेल तेव्हा, कारण साध्या जी७१ ला व्यास एकाच दिशेने वाढत किंवा कमी होत गेलेला लागतो. आणि लाइव्ह टूल, सी-अ‍ॅक्सिस किंवा दुसरं स्पिंडल असलेलं मशीन येणार असेल, तर कॅम घ्याच. तिथे हाताने लिहीत बसणं परवडत नाही.

आता कुठलं. मास्टरकॅम, सॉलिडकॅम, एस्प्रिट, गिब्सकॅम, फ्यूजन. डेमोत सगळीच छान दिसतात. स्क्रीनवर चिप्स उडतात, जॉब चकाकतो. ते बघू नका. पोस्ट बघा.

पोस्ट म्हणजे पोस्ट प्रोसेसर. सॉफ्टवेअरने काढलेला टूलपाथ तुमच्या कंट्रोलच्या भाषेत लिहिणारी फाइल. "फानुकचा पोस्ट आहे साहेब" या वाक्यावर समाधान मानू नका. फानुक लेथमध्ये जी-कोडच्या ए, बी, सी अशा तीन पद्धती असतात. ए पद्धतीत जी९० म्हणजे टर्निंगची सायकल. बी पद्धतीत, आणि मिलिंगमध्येही, जी९० म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट मापं. मिलिंगच्या सवयीने कुणी पोस्टमध्ये पहिल्याच ओळीला जी९० ठेवला असेल आणि मशीन ए पद्धतीचं असेल, तर पुढच्या एक्स-झेडला कंट्रोल सायकल समजतो आणि टूल भलत्याच वाटेने जातं. जी७१ आणि जी७६ सुद्धा काही जुन्या कंट्रोलवर एका ओळीत लिहितात, नव्यांवर दोन ओळींत.

दुसरी जागा जी५०. ए पद्धतीत स्पिंडलच्या आरपीएमला वरची मर्यादा घालणारी ओळ हीच. समजा जी९६ ने २०० मीटर कटिंग स्पीड दिलाय. ५० मिलिमीटर व्यासावर आरपीएम होतात सुमारे १,२७०. २० वर ३,१८०. फेसिंग करताना टूल मध्याकडे जाऊन ५ वर आलं की हिशेबाने १२,७००! मर्यादा घातलेली नसेल तर मशीन आपल्या कमाल वेगापर्यंत पळतं. वेग वाढला की चकच्या जॉची पकड सैल होते, आणि समोर कोण उभं असतं ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक आउटपुटमध्ये ही ओळ आधी शोधा.

तिसरं, पोस्ट जी७१ काढून देतो का? की प्रत्येक कट सुटा लिहून शेकडो ओळी ओततो? अशा प्रोग्रॅममध्ये कटची खोली बदलायची तर पुन्हा कॉम्प्युटरकडे जावं लागतं. रात्रपाळीला ऑपरेटर कुणाला उठवणार?

फुकटाचं विचारणारे बरेच असतात. फ्यूजनचं वैयक्तिक लायसन्स शिकायला उत्तम, पण ते धंद्यासाठी नाही. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून त्यातून रॅपिड हालचाली काढून टाकल्यात, म्हणजे टूल हवेतूनही फीडनेच चालतं. क्रॅक कॉपी तर नकोच. कायद्याची भीती आहेच, वर पोस्ट चुकला तर फोन कुणाला करणार? फ्यूजनची एक गोष्ट मात्र मला आवडते. त्याचा पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये असतो. घरात कुणी कोडिंग शिकत असेल तर त्याला उघडून वाचायला द्या. बदल केला तर आधी जॉब न लावता ड्राय रन, सिंगल ब्लॉकवर, रॅपिड कमी ठेवून.

तर शिरवळच्या मित्रा, तू सांगितलेल्या कामावरून माझं मत: यंदा नको. लाइव्ह टूलचं मशीन घ्याल तेव्हा घ्या. आणि तेव्हा डेमो विक्रेत्याच्या मॉडेलवर घेऊ नका. तुमचं सगळ्यात त्रासदायक ड्रॉइंग द्या, तुमच्या मशीनवर, तुमच्या कंट्रोलवर जॉब काढून मागा, आणि आउटपुट दादाला वाचायला लावा. त्याला वाचता आलं नाही तर पोस्ट दुरुस्त करून आणू दे. सपोर्टवाला पुण्याहून पन्नासेक किलोमीटर येणार, तो वर्षात किती वेळा फुकट येईल ते कोटेशनवर लिहून घ्या. पहिला जॉब इन्स्पेक्शनमध्ये पास होईपर्यंत शेवटचा हप्ता नाही, हेही त्याच कागदावर.

पुढच्या भागात जी७६ ची दोन ओळींची रचना, एकेक आकडा उलगडून. भेटू.