एक पापलेट, दोन जाळी



मत्स्यविज्ञानाच्या पदवीप्रदानाच्या प्रसंगी अभिनंदन करण्याची रीत आहे. ती पाळून मूळ विषयाकडे वळणे इष्ट ठरेल. तो विषय म्हणजे एकाच साठ्यावर, अर्थात एकत्र प्रजनन करणाऱ्या माशांच्या समूहावर, जगणाऱ्या दोन मासेमारींची स्पर्धा.

पालघर-वसईच्या समुद्रात ती उघड दिसते. सातपाटीचे मच्छीमार मुख्यतः मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या छिद्रांची, पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी दालदी जाळी लावून वाढलेले पापलेट धरतात. वसई-उत्तनकडचे मच्छीमार समुद्रतळात खुंट ठोकतात, ज्याला तिकडे 'कव मारणे' म्हणतात, आणि त्या खुंटांना डोल, म्हणजे पिशवीसारखी जाळी, बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील आणि जवळा तिच्या बारीक आसाच्या खोल्यात, म्हणजे शेपटाच्या पिशवीत, साठतात आणि त्यांच्यासोबत पापलेटाची पिल्लेही येतात. जो मासा एकाच्या जाळ्यात बोटभर असताना मरतो, तोच दुसऱ्याच्या हिशेबातून वजा होतो. यालाच वाढीपूर्वीची अतिमासेमारी म्हणतात. कव मारण्याच्या जागेवरून या दोन बाजूंत वर्षानुवर्षे धुसफूस चालू आहे, आणि तिच्या मुळाशी जागेइतकाच हा हिशेब आहे.

प्रस्तुत वक्त्याच्या उमेदवारीच्या काळात धक्क्यावरील मासळीची नोंद करताना ही पिल्ले 'इतर मासळी' या रकान्यात लिहावीत, असा वरिष्ठांचा दंडक होता. कोळिणी मात्र पाटीतली पिल्ले बाजूला काढून त्यांचा भाव वेगळा सांगत, म्हणजे बाजाराला जे दिसत होते ते नोंदवहीला दिसत नव्हते. स्वतंत्र रकाना करावा, अशी टिप्पणी वर पाठवली गेली. पुढच्या पावसाळ्यात त्या फाइलीला वाळवी लागल्याचे कळले. या व्यवसायात माशांपेक्षा फाइलींची हानी अधिक झाली असावी.

बाहेरच्या स्पर्धकांबाबत मात्र दोन्ही बाजू एक झाल्या. थव्याला घेर घालून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविषयी डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला, ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याचा निर्बंधांचा आदेश निघाला, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांवरील मासेमारीला मनाई केली. या लढ्यांत डोलवाले आणि दालदीवाले खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तिसऱ्याविरुद्ध सहकार्य सोपे असते. एकमेकांसाठी ते करताना घोडे अडते. २०२३ मध्ये राज्याने पापलेटाची किमान वैध लांबी १३५ मिलिमीटर ठरवली, परंतु धक्क्यावर पट्टी लावली जाते तेव्हा पिल्लू मेलेलेच असते.

म्हणून नव्या पदवीधरांना एकच आग्रहाचे सांगणे आहे: दोन्ही बाजूंची माणसे समोरासमोर बसल्याखेरीज त्यांच्या समुद्राचा नियम लिहू नये, मग मंत्रालयातून कितीही निकड लागो. असे नियम माणसे स्वतः घडवू शकतात: तुर्कस्तानातील अलान्याच्या मच्छीमारांनी मासेमारीच्या जागांची यादी करून दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकण्याची आणि रोज एकेक जागा पुढे सरकण्याची पद्धत स्वतःच बसवली होती. सामायिक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. तिथे तपासनीस लागत नसे, कारण ज्याची पाळी असे तोच घुसखोराला हटकत असे.

पापलेटाची पिल्ले मात्र चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. ती अधिक येतात त्या महिन्यांत डोलीच्या खोल्याचा आस मोठा ठेवायचा, असे ठरले तर जवळा निसटेल आणि डोलवाल्याचे उत्पन्न बुडेल. त्याची भरपाई दालदीवाल्यांकडे मागावी लागेल, कारण वाढलेले पापलेट त्यांच्याच जाळ्यात जाणार आहे.