दमेकऱ्याच्या हाती फोन : पुरावा कशाचा?



युनियनच्या कार्यकर्त्याने फुप्फुसांच्या रोगावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळाही लवकर सुटली. परंतु कापसाच्या धुळीत उमर घालवलेले कामगार आम्ही पाहिले आहेत, आणि चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या त्यांच्या बायकाही. त्यांच्या धापेला घरोघर ‘दमा’च म्हणतात. डॉक्टर पुष्कळदा तिला सीओपीडी हे नाव देतात. यात अरुंद झालेल्या श्वासनलिका पूर्ववत होत नाहीत, आणि मधूनच रोग उसळला की इस्पितळ गाठावे लागते.

आता सांगण्यात येते की, हा रोग रोग्याने घरीच सांभाळावा, साथीला मोबाईलवरचे ॲप घ्यावे. रोज खोकला आणि बेडका यांची नोंद करायची, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. बिघाड दिसला की फोन इशारा देणार. कल्पना वाईट नाही. पण कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही विचारीत आलो : उत्पादन वाढले ते यंत्राने की माणसांनी? येथेही तेच विचारले पाहिजे.

स्कॉटलंडच्या लोदियन भागात ते विचारले गेले. आदल्या वर्षी याच रोगापायी इस्पितळात गेलेले २५६ रोगी निवडले आणि, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, त्यांचे १२८-१२८ चे दोन गट पाडले. एका गटाच्या घरी रोजच्या नोंदीचे यंत्र बसवले, दुसऱ्याच्या नाही. काळजी कशी घ्यावी याचे शिक्षण आणि डॉक्टर-परिचारिकांची देखरेख मात्र दोघांनाही मिळाली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : इस्पितळात जाण्याची वेळ लांबणीवर पडण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आता समजा, दुसरा गटच ठेवला नसता. फार वाईट गेलेल्या वर्षानंतरचे वर्ष पुष्कळांना आपोआपच थोडे बरे जाते. ती सुधारणा, आणि परिचारिकेचे कष्टही, सारे यंत्राच्या खात्यावर जमा झाले असते! हा हिशेब कामगारांना नवा नाही.

घरच्या घरी रोग सांभाळणे निरुपयोगी, असे मात्र आम्ही म्हणत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९१ रोग्यांवर अशीच परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २००३ सालचा. माणसांनी घरी जाऊन शिकवले, पुढे फोनवर विचारपूस ठेवली, आणि रोग उसळून इस्पितळात जाण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उलट अमेरिकेत माजी सैनिकांच्या २० इस्पितळांतील ४२६ रोग्यांवरचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २०१२ सालच्या अहवालात मृत्यूंचे आकडे आहेत : शिक्षण दिलेल्या गटात २८, दुसऱ्यात १०. तेथेही ॲप नव्हते. शिकवणे, औषधांची लेखी योजना आणि फोन, एवढेच. मृत्यू का वाढले, ते संशोधकांना समाधानकारकपणे सांगता आले नाही. म्हणूनच ‘निरुपद्रवी आहे, वापरून पाहा’ असे कोणी म्हणाले की आम्ही सावध होतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली ‘मायसीओपीडी’ या ॲपबद्दल सांगितले ते असे की, आशा दिसते, पण सरसकट वापरावे इतका पुरावा नाही. इतके स्पष्ट बोलणारे थोडे.

आणि पुरावा तरी कोणाचा? फोन बहुधा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो, धाप मात्र चुलीपुढच्या बाईला. जिला फोन चालवता येत नाही ती परीक्षेत येतच नाही. जो कंटाळून सोडतो तो हिशेबातून गळतो. ऑक्सिमीटरचेही ऐका. २०२० साली अमेरिकेत असे दिसले की, घसरलेला प्राणवायू त्या उपकरणाच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. आपल्या सावळ्या बोटांवर ते काय सांगते, हे येथेच तपासावे लागेल.

तेव्हा आपल्या इस्पितळात असे ॲप विकत घेण्याचा ठराव आला, तर नगरसेवकाला एवढेच विचारा : तुलनेला दुसरा गट होता काय, मध्येच सोडणारे मोजले काय, आणि या खर्चापायी परिचारिकेची जागा तर रिकामी राहणार नाही ना? आता आपल्या शंका असतील त्या घेऊ.