आजोबांची जांभळी पेन्सिल



छापील पत्रसंग्रहांवर मी प्रबंध लिहिला, म्हणून पत्रवाङ्मयावर बोलण्यासाठी मला बोलावले आहे. पण आज मी खिशात एक पेन्सिल घेऊन आलो आहे. जेमतेम तीन बोटे उरली आहे.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. १९४४ साली ते इटलीत होते. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच मोहीम. आघाडीवर दौत-टाक कोण सांभाळणार? म्हणून ही कॉपिंग पेन्सिल. हिच्या शिशात अ‍ॅनिलिन रंग असतो. कोरडे लिहिले तर अक्षर करडे उमटते. ओल लागली की जांभळे होते आणि मग रबराने जात नाही. शिपाई टोक जिभेला लावून लिहीत.

घरात आम्ही हिला आजोबांची खासगी वस्तू म्हणतो. पण हिने खासगी असे काय लिहिले असेल? पत्र आधी सेन्सॉरचा अधिकारी वाचणार. गावी आले की शाळेचे गुरुजी ओसरीवर मोठ्याने वाचणार आणि शेजारीपाजारी ऐकणार, कारण आजीला अक्षरओळख नव्हती. एवढ्या लोकांदेखत नवरा बायकोला काय लिहील? खुशाली, पैसे, बैल.

गुरुजी गेल्यावर मात्र आजी तो कागद उजेडाला धरायची. मला म्हणाली होती, “जांभळं ठसठशीत दिसलं की कळायचं, हितं जिभेला लावल्यात. हितं थांबल्यात.” वाचक म्हणजे काय, यावर मी दरवर्षी बी.ए.च्या वर्गात तास घेतो. इतका बारीक वाचणारा मला दुसरा कोणी भेटलेला नाही.

ती पत्रे आज नाहीत. वाशाला खोचलेली जुडी एका पावसाळ्यात भिजली. रबराला दाद न देणारा रंग पाण्यात पसरला आणि सगळे कागद जांभळे झाले. आजीने ते चुलीपाशी वाळवून बरीच वर्षे ठेवले होते म्हणे. प्रबंधाची साधने गोळा करताना मला हे आठवलेसुद्धा नाही, हे इथे कबूल करतो.

चुलतभाऊ म्हणतो, पेन्सिल संग्रहालयाला देऊ. मी अजून हो म्हटलेले नाही. हिच्या मागच्या टोकावर दातांच्या खुणा आहेत. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. फक्त बोटे कोरडी असू द्यात.