धरणाचा मृतसाठा आणि दुष्काळ



पैठणच्या नाथसागरास संत एकनाथमहाराजांचे नाव लाभले आहे. या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बसविली. १९७६ साली श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यापायी गोदाकाठची कितीतरी गावे उठली, त्यांतली देवळेही पाण्याखाली गेली, हे विसरता कामा नये.

धरणाची क्षमता सुमारे २९०९ दशलक्ष घनमीटर. त्यापैकी ७३८ हा मृतसाठा. नाव अशुभ खरे, पण पाणी काही मेलेले नसते! ते कालव्याच्या तोंडाच्या खाली राहते, म्हणून आपोआप वाहत नाही; पंपाने उचलावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात औरंगाबादची (आजच्या छत्रपती संभाजीनगरची) तहान याच साठ्याने भागविली.

त्याच साली लातूरचे मांजरा धरण मात्र पार आटले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. एवढ्या शहराला ते कितीसे पुरणार?

नाथसागर उथळ व पसरट, त्यामुळे उन्हाने पुष्कळ पाणी वाफ होऊन जाते. म्हणून हिशेब मांडायचा तो पावसाळा सरताच. आधी पिण्याचे, मग पिकाचे. ऊस उभा राहिल्यावर चैत्रात टंचाईची बैठक भरवून काय हशील? वरच्या नाशिक-नगरकडील धरणांतून पाणी सोडावयाचे की नाही, हेदेखील १५ ऑक्टोबरचा साठा पाहूनच ठरते.