दोन्ही नावांची व्यक्ती एकच



 मी दिवाणी कोर्टातला वकील. पण या वेळचं अधिवेशन तत्त्वज्ञ सॉल क्रिपकी यांच्या विचारावर आहे म्हटल्यावर मी स्वागत समितीची जबाबदारी आनंदाने घेतली.

माझ्याकडे दर आठवड्याला एक तरी प्रतिज्ञापत्र येतं. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. खाली ठरलेलं वाक्य : ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.’ क्रिपकी वाचले आणि या वाक्याचं वजन मला कळलं. पहाटेचा तारा आणि सांजतारा हा एकच शुक्र, हे आकाश पाहूनच माणसाला कळलं. पण ते खरं असेल, तर तसं नसणं कधी शक्यच नव्हतं. अनुभवातून हाती आलेलं सत्यही अनिवार्य असू शकतं, हे क्रिपकींनी दाखवलं आणि जे अनिवार्य ते अनुभवाआधीच कळतं, ही कांटपासून चालत आलेली समजूत हलली.

१९४० साली जन्मलेल्या या माणसाचा तर्कशास्त्रावरचा पहिला महत्त्वाचा निबंध १९५९मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी छापून आला. जानेवारी १९७०मध्ये प्रिन्स्टनला त्यांनी हातात कागद न घेता तीन व्याख्यानं दिली. तीच पुढे ‘नेमिंग अँड नेसेसिटी’ म्हणून प्रसिद्ध झाली.

नाव म्हणजे गुंडाळून ठेवलेलं वर्णन, असं तोवर तत्त्वज्ञ फ्रेगे-रसेल यांना अनुसरून मानलं जाई. क्रिपकी विचारतात, तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांच्या नावावरची सिद्धता खरं तर दुसऱ्याच कुणाची निघाली तर? तरीही ‘गोडेल’ म्हणजे गोडेलच. बारशाला ठेवलेलं नाव एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जातं. ती साखळी त्याला माणसाशी बांधून ठेवते. वारसनोंदीसाठी आलेल्या पक्षकाराला खापरपणजोबाचं फक्त नाव ठाऊक असतं. ना चेहरा, ना तारीख. तरी तो बोलतो त्याच माणसाविषयी. हे मी डोळ्यांनी पाहतो, म्हणून क्रिपकी मला पटतात. अर्थात साखळी वाटेत घसरूही शकते. मादागास्कर हे नाव आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून बेटावर कसं गेलं, हा तत्त्वज्ञ गॅरेथ इव्हान्स यांचा आक्षेप मला आजही अस्वस्थ करतो. त्यावर इथे मनमोकळा वाद व्हावा.

आणि एक विनंती. कोणत्याही शक्य परिस्थितीत त्याच एका वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या नावाला क्रिपकी ‘रिजिड डेझिग्नेटर’ म्हणतात; त्याला मी माझ्यापुरतं ‘अढळ नाव’ म्हणतो. याहून नेमका मराठी शब्द आपण जाण्यापूर्वी सुचवावा.