मैदानाचे दार
(वालचंदनगर येथील ज्ञातिसंमेलनातील भाषण)

आमच्या हौशी क्रिकेट मंडळाचा हंगाम नुकताच संपला. कारखान्यातील पाळी आटोपून अकरावा गडी धावत येई. त्याची ज्ञात कोणी विचारली नाही. आता केवळ ज्ञातीचाच संघ असावा, अशी सूचना आली आहे. तीस माझा नम्र विरोध आहे. पुण्यात पालवणकर बाळू यांना चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. त्यांनीच १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. धर्मवार संघांचे मुंबईतील पंचरंगी सामनेही १९४६ मध्ये बंद झाले. मुंबईने जे टाकले, ते आपण का उचलावे? पुढील हंगामातही अकरावा गडी कोणीही असो, एवढीच प्रार्थना.