यंत्रकोरकामातील खोलीचा दोष व त्याची परीक्षा

(वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्या सुतार समाजाच्या व्यासपीठावर यंत्राविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो काय? मी मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढे सारी हयात प्राथमिक शाळेत गणित शिकविण्यात घालविली. वडिलांच्या हातातील वाकस व पटाशी मी पाहिली, परंतु ती माझ्या हातात कधी स्थिरावली नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला व त्यातून जे शिकायला मिळाले ते समाजापुढे ठेवावे, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह पडला.

माझ्या पुतण्याने कर्ज काढून घरापुरता एक छोटा सीएनसी राउटर घेतला. यंत्रे नगरला नवी नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने याच शहरात हातमाग सुधारला होता. पण सुताराच्या घरात, ओसरीवर, संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र यावे, ही गोष्ट आमच्या थोरल्या बंधूंना रुचली नव्हती. पहिलेच मोठे काम आले ते एका बंगल्याच्या नावाची दोन फूट लांबीची सागवानी पट्टी आणि देव्हाऱ्याच्या दोन झडपा. पट्टीवरील शिरोरेषा डावीकडे केसासारखी बारीक, तर उजवीकडे बोटाएवढी जाड उमटली. झडपेवर तर वेल निम्मी होईपर्यंत सर्व ठीक होते, आणि मग बिट खोल खोल जात झडपेच्या आरपार गेले. सागवान वाया गेले, गिऱ्हाईक रागावले. बंधू म्हणाले, "यंत्रच खोटे आहे. मिळेल त्या किमतीला विकून टाक." पुतण्या मान खाली घालून उभा होता. हप्ते तर चालूच होते.

मी दोन आठवड्यांची मुदत मागितली. मुलाचे उत्तर चुकले म्हणून सारे गणित खोडायचे नसते. कोणती पायरी चुकली ते पाहायचे असते, एवढेच माझे भांडवल.

प्रथम यंत्राचा स्वभाव सांगतो. या जातीच्या यंत्रांचा जन्म अमेरिकेत झाला. १९५२ साली तेथील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अंकांच्या आज्ञेने चालणारे पहिले कर्तनयंत्र दाखविण्यात आले. घरगुती यंत्रांना ज्यामुळे स्वस्ताई आली ती 'जीआरबीएल' नावाची आज्ञावली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये लिहिली. परंतु इतकी प्रगती होऊनही साध्या राउटरला डोळे नाहीत. लाकूड कोठे आहे हे त्याला दिसत नाही. आपण बिटाचे टोक टेकवून 'हे शून्य' असे सांगतो, आणि तेथून पुढे तो केवळ पावले मोजतो. आमच्या यंत्रात उभ्या दिशेची मोटर एका फेऱ्यात ३२०० पावले टाकते व त्या फेऱ्यात स्क्रू ८ मि.मी. सरकतो, म्हणजे मिलिमीटरला ४०० पावले. हा आकडा आज्ञावलीत चुकीचा असेल तर प्रत्येक खोली त्याच प्रमाणात चुकेल. दहा मि.मी. खाली जाण्यास सांगावे व प्रत्यक्ष किती गेले ते व्हर्नियरने मोजावे. आठच गेले, तर ४०० ला १० ने गुणून ८ ने भागावे, म्हणजे ५०० हा खरा आकडा. इयत्ता सातवीचे त्रैराशिक आहे. आमचा आकडा मात्र बरोबर निघाला.

तेव्हा मी पुतण्याला विचारले, "चूक सगळीकडे सारखी आहे, जागेप्रमाणे बदलते, की वेळेप्रमाणे वाढते?" मंडळी, सारी परीक्षा या एका प्रश्नात आहे. सगळीकडे सारखी असेल तर शून्यात खोट आहे: टेकवायच्या धातूच्या चकतीची जाडी वजा केली नसेल, बिट बदलून शून्य पुन्हा घेतले नसेल, किंवा नक्षीच्या आराखड्यात शून्य लाकडाच्या माथ्यावर मानले आणि आपण ते पाटावर घेतले असेल. याचा उलगडा पाच मिनिटांत होतो.

पट्टीची चूक जागेप्रमाणे बदलणारी होती. देवनागरीची शिरोरेषा ही येथे उत्तम परीक्षक ठरते. रोमन अक्षरे सुटी सुटी असल्याने तिरपेपणा लपतो. आपली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते आणि सारे बिंग फोडते. शिवाय टोकदार बिट नव्वद अंशांचे असेल, तर खोलीच्या दुप्पट रुंदी उमटते. एक मि.मी. खोल गेले तर रेघ दोन मि.मी., दोन गेले तर चार. आम्ही शून्य न बदलता पाटाच्या चारही कोपऱ्यांवर कागद ठेवून बिट टेकविले व आकडे लिहून घेतले. उजवी बाजू एक मि.मी. उंच निघाली! पाटावर एमडीएफची फळी टाकली, ती घट्ट बसविली आणि यंत्राकडूनच रुंद बिटाने तिचा माथा तासून घेतला. त्यामुळे फळी यंत्राच्या चालीशी समांतर झाली.

दुसरी पट्टी घेतली तर दोन्ही टोके नीट, पण रेघ मधोमध जाड. आता पाटाचा दोष नव्हता. पट्टी पावसाळी हवेत पडून राहिली होती आणि मध्ये फुगली होती. हे यंत्राला कसे कळावे? थोरल्या बंधूंनी एक शब्द न बोलता माळ्यावरून रंधा काढला, सान्यावर धार लावली, आणि डोळा लावून पट्टी सरळ केली. मी गुण्या लावून पाहिला. प्रकाशाची फट दिसेना. त्यानंतरची शिरोरेषा टोकापासून टोकापर्यंत एकसारखी आली.

झडपेचा दोष मात्र आम्हाला पुरून उरला, आणि येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. तो वेळेप्रमाणे वाढणारा होता. जड मोटर झपाट्याने वर उचलताना पावले चुकतात, वर येणे अपुरे राहते व पुढचा काप खोल जातो, असे मी वाचले होते. म्हणून मी उभी गती कमी करावयास लावली. एक संपूर्ण रविवार त्यात गेला आणि फरक काडीचा पडला नाही. शेवटी एक साधी युक्ती केली. यंत्राची वीज काढून बिटाच्या दांडीवर, कॉलेटच्या अगदी तोंडाशी, शाईची रेघ मारली. दुसरी रेघ मोटर व स्क्रू यांच्या जोडावर मारली. खोक्याच्या टाकाऊ लाकडावर पंधरा मिनिटे नक्षी कोरली. जोडावरची रेघ जागच्या जागी होती. दांडीवरची रेघ मात्र कॉलेटपासून दोन मि.मी. खाली उतरली होती. मोटर निर्दोष होती, बिटच घसरत होते.

कारण मोजल्यावर कळले. कॉलेट पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी., आणि बाजारातून आणलेल्या बिटाची दांडी ६ मि.मी. हातास ते घट्ट लागे, पण भुसा वर फेकणाऱ्या पिळाच्या बिटाला लाकूड सतत खाली ओढते. दुकानदारास दोष देत नाही. आम्हीच मापाची चौकशी केली नव्हती. योग्य मापाचे कॉलेट आणले, आतील भुसा ब्रशने काढला, आणि तेव्हापासून शाईची रेघ हललेली नाही. तरुणांना एवढेच सांगतो की कॉलेटला हात लावण्यापूर्वी वीज काढावी, आणि डोळ्यांवर चष्मा व नाकावर फडके असल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. सागवानाचा बारीक भुसा छातीला बाधतो.

झडपा पुन्हा झाल्या. लाकडाचा भुर्दंड आम्ही सोसला, काम मात्र गिऱ्हाइकाने नेले. ते नेण्यापूर्वी बंधूंनी झडपेवरील वेलीवरून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "खालचे पान अजून थोडे खोल आहे." पुतण्याने हसून व्हर्नियर लावले. खरोखरच ०.२ मि.मी. अधिक होते. त्या पानासाठी बिट बदलले होते, आणि शून्य घेताना कागद ठेवायचा राहून गेला म्हणून की झडपच तेथे किंचित उंच आहे म्हणून, यावर दोघांचा वाद अद्याप मिटलेला नाही. यंत्र मात्र ओसरीवरच आहे.